श्रोता आधी, गिऱ्हाईक नंतर

१९९३ च्या फेब्रुवारीत इन्फोसिस या बेंगळुरूच्या कंपनीने आपले शेअर पहिल्यांदा सर्वसामान्य लोकांपुढे विक्रीला ठेवले. भाव होता ९५ रुपये. तेवढ्या भावालाही शेअर घ्यायला पुरेसे लोक पुढे आले नाहीत. शेवटी मॉर्गन स्टॅन्ले या अमेरिकी वित्तसंस्थेने सुमारे १३ टक्के हिस्सा त्याच भावाने उचलला आणि विक्री पार पडली. जूनमध्ये बाजारात नोंदणी झाली तेव्हा त्याच शेअरला १४५ रुपये मिळू लागले. कंपनी काही नवखी नव्हती. १९८१ साली ती पुण्यात सुरू झाली होती आणि १९८३ साली मायको या गिऱ्हाइकाच्या कामासाठी बेंगळुरूला आली होती. हाताशी परदेशी कामे होती, हिशेब चोख होते. १९९२ च्या रोखे घोटाळ्याने गुंतवणूकदार धास्तावलेले होते, हे कारण खरेच. पण तेवढेच नव्हे. गिरणीचे धुराडे दाखवता येते, साखरेचे पोते उचलून बघता येते. ही कंपनी विकते काय आणि त्याचे पैसे कोणी का द्यावेत, हे समजलेला माणूस त्या काळी शेअरबाजारातही विरळाच होता. माल उत्तम होता, पण तो काय आहे हे ज्यांना उलगडून सांगितलेले आहे असे श्रोते अजून तयार व्हायचे होते.

धंदा वाढवण्यासाठी व्यासपीठावर उभे राहून बोलणे ही आज बेंगळुरूत रोजची गोष्ट आहे. हॉटेलांची सभागृहे, कंपन्यांची आवारे, महाविद्यालयांचे हॉल, सगळीकडे कोणी ना कोणी आपल्या क्षेत्रातले काही समजावून सांगत असतो आणि समोर बसलेल्यांतून त्याला उद्याची गिऱ्हाइके मिळत असतात. अनेकांना ही अमेरिकेतून आलेली टूम वाटते. माझे म्हणणे वेगळे आहे. जो माल गिऱ्हाइकाने आधी पाहिलेला नाही, किंवा जो डोळ्यांना दिसतच नाही, त्याला गिऱ्हाईक आयते मिळत नाही; ते घडवावे लागते, आणि ते चारचौघांत, मोकळेपणाने, प्रश्न घेत बोलून घडते. ही समज आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. तिचा एक ठळक माग पुण्यातून बेंगळुरूला जातो, आणि तो नीट तपासला तर अशा बोलण्याची ताकद कळते तशी त्याची मर्यादाही कळते.

सुरुवात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुण्यापासून करावी लागते. सार्वजनिक सभा १८७० ची, वसंत व्याख्यानमाला १८७५ ची. उन्हाळ्याच्या संध्याकाळी जमून एखादा विषय ऐकावा, त्यावर वाद घालावा आणि घरी जावे, ही सवय पुणेकरांना याच काळात लागली. रानड्यांनी ती सवय अर्थकारणाकडे वळवली. १८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद भरली. तिथे त्यांनी डचांच्या ताब्यातल्या जावा बेटावरील शेतीव्यवस्थेबद्दल निबंध वाचला. सरकारने खाजगी उत्पादकाला भांडवल आगाऊ दिले तर उत्पादन कसे वाढते, याचा दाखला त्यांना त्यातून द्यायचा होता. १८९२ साली त्यांनी लोखंडाच्या धंद्यातील आरंभीच्या प्रयत्नांचा आढावा मांडला आणि त्याच वर्षी डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर त्यांचे प्रसिद्ध व्याख्यान झाले. या भाषणांची घडण पाहण्याजोगी आहे. वक्त्याला स्वतःला विकायचे काहीच नाही. तो न्यायाधीश आहे. तो आकडे देतो, दुसऱ्या देशातले उदाहरण देतो, कुठे काय फसले तेही सांगतो आणि ऐकणाऱ्यावर सोडून देतो. पण ऐकणाऱ्यांत वकील असतात, सावकार असतात, जहागीरदार असतात, नोकरीला कंटाळलेले तरुण असतात. कारखाना ही आपल्यासारख्या माणसाने काढण्याची गोष्ट आहे, हा विचारच ज्यांच्या मनात आला नव्हता, त्यांच्या मनात तो अशा सभांतून शिरला. भांडवल येण्याआधी भांडवलदाराची कल्पना यावी लागते, आणि ती पुण्यात सभागृहातून आली.

या पेरणीचे पीक कुठे दिसते? एक तळेगावला. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी प्रत्येकाकडून एक पैसा मागून देशी उद्योगासाठी निधी उभारायचे मनावर घेतले. गावोगाव फिरायचे, बोलायचे, पैसा गोळा करायचा, असा त्यांचा क्रम होता. टिळकांनी या पैसा फंडाला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. तिथे काम शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या काच कारखान्यांत पसरले. दुसरे पीक किर्लोस्करवाडीचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. पहिले नांगर विकायला दोन वर्षे गेल्याचे सांगतात. या समजापुढे किंमत कमी करून उपयोग नव्हता, कारण अडचण किमतीची नव्हतीच. अडचण समजुतीची होती, आणि ती चारचौघांसमोर नांगर चालवून, बोलून, शंका ऐकून घेऊनच दूर होणार होती. प्रदर्शने आणि जत्रा यांना कारखान्याच्या विक्रीत म्हणूनच महत्त्व आले. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले ते कारखान्याचे पत्रक म्हणून, पण त्याचे मराठीतले एक मोठे मासिक झाले. कारखान्याने वाचकाला माहिती द्यायची, त्याचे जग रुंद करायचे, आणि मालाची ओळख त्या ओघात व्हायची, ही रीत सभेचीच. फक्त ती कागदावर आली. याच घराण्याने १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहरला यंत्रांचा कारखाना काढला आणि १९४६ साली बेंगळुरूत इलेक्ट्रिक मोटर्सचा.

पण किर्लोस्करांच्या कितीतरी आधी ही रीत दुसऱ्या माणसाबरोबर बेंगळुरूला पोचली होती. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ साली बी. ए. झाले आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकी शिकायला आले. १८८४ साली ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. नाशिक, खानदेश, पुणे हा त्यांचा मुलूख. पांझरेच्या पाण्याखालून नेलेला सायफन आणि खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे ही त्यांची कामे आपल्याला ठाऊक असतात. त्याच काळात त्यांची पुण्यातली बैठक कोणाबरोबर होती, याकडे मात्र कमी लक्ष जाते. रानडे आणि गोखले यांच्या वर्तुळात ते वावरत होते. रानड्यांच्या पुढाकाराने निघालेल्या डेक्कन क्लबचे ते पहिले चिटणीस. म्हणजे औद्योगिक परिषदेचे पुणे त्यांनी आतून पाहिले होते. १९०९ साली ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, आणि १९११ च्या जूनमध्ये बेंगळुरूत म्हैसूर इकॉनॉमिक कॉन्फरन्स सुरू झाली. ती कल्पना त्यांची होती. पुढल्याच वर्षी ते दिवाण झाले आणि १९१८ पर्यंत त्या पदावर राहिले.

या कॉन्फरन्सची रचना सांगितली की पुण्याशी असलेले नाते कळते. शेती, शिक्षण, उद्योग व व्यापार अशा तीन समित्या. सरकारी अधिकारी आणि बिनसरकारी व्यापारी, जमीनदार, शिकलेले लोक एकत्र बसायचे. खाली जिल्ह्यांत आणि तालुक्यांतही समित्या होत्या. विश्वेश्वरय्यांची दिवाणगिरीतली भाषणे १९१७ साली बेंगळुरूच्या सरकारी छापखान्यातून पुस्तकरूपाने निघाली. ती वाचताना जाणवते ती आकड्यांची सलग फौज. जपान किती कापड करतो, म्हैसूर किती करते. इतर देशांत दरमाणशी उत्पन्न किती, आपल्याकडे किती. शाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण किती. अलंकार जवळजवळ नाहीत. माणूस श्रोत्याला हळवे करत नाही, हिशेबाला बसवतो. औद्योगिकीकरण करा नाहीतर नष्ट व्हा, ही त्यांची घोषणा पुढे गाजली. पण ती घोषणा ऐकून कोणी बँकेत ठेव ठेवली असेल असे मला वाटत नाही. ठेव ठेवली ती त्या आकड्यांमुळे. १९१३ साली बँक ऑफ म्हैसूर उभी राहिली. १९१६ साली म्हैसूर चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना झाली. त्याच साली बेंगळुरूत चंदनतेलाचा कारखाना सुरू झाला. युद्धामुळे जर्मनीला जाणारे चंदन पडून राहिले होते. भारतीय विज्ञान संस्थेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी तेल काढून दाखवले, आणि त्या तेलाच्या पाठोपाठ सरकारी साबणाचा कारखाना आला. आज म्हैसूर सँडल साबण हातात घेणाऱ्याला त्यामागे सभा होत्या हे ध्यानात येणार नाही, पण होत्या.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की म्हैसूरला बोलायला पुण्याने शिकवले असे कसे म्हणता? दिवाण रंगाचार्लू यांनी १८८१ सालीच म्हैसूर प्रतिनिधी सभा सुरू केली होती. देशी संस्थानांत अशी सभा नवलाची होती आणि पुण्याच्या औद्योगिक परिषदेहून ती नऊ वर्षांनी जुनी. हे मान्यच करायला हवे. सभेत उठून सरकारसमोर बोलण्याचा सराव म्हैसूरकरांना होता, म्हणूनच कॉन्फरन्सला तयार माणसे मिळाली. पण प्रतिनिधी सभा दसऱ्याला भरायची आणि तिचे काम मुख्यतः गाऱ्हाणी आणि मागण्या ऐकण्याचे होते. रयत बोलायची, सरकार ऐकायचे. इकॉनॉमिक कॉन्फरन्समध्ये प्रश्नच वेगळा होता: कोणता धंदा निघू शकतो, त्याला लागते काय, आणि तो काढणार कोण? हा प्रश्न पुण्याच्या औद्योगिक परिषदेचा. म्हणून मी मूळ दोन ठिकाणी शोधतो, सवय म्हैसूरची आणि विषय पुण्याचा.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. विश्वेश्वरय्या दिवाण होते. दिवाणाचे भाषण लोक ऐकणारच. बँकेमागे संस्थान उभे होते, साबणाचा कारखाना तर सरकारच्याच पैशाचा. मग भाषणाने काय केले? माझे उत्तर असे आहे की हुकमाने कारखाना बांधता येतो, पण हुकमाने ठेवीदार मिळत नाही, साबण घेणारे घरही मिळत नाही. वीज, बँक, तांत्रिक शिक्षण या सगळ्यांना लागणारा माणूस स्वखुशीने यावा लागतो, आणि दिवाणाला हे कळत होते म्हणूनच त्याने हुकूम काढून न थांबता समित्या नेमल्या. त्याहून मोठा पुरावा त्यांच्या पुढल्या आयुष्यात आहे. १९१८ नंतर त्यांच्याकडे दिवाणपद नव्हते. तरी १९२० साली ‘रिकन्स्ट्रक्टिंग इंडिया’ आणि १९३४ साली ‘प्लॅन्ड इकॉनॉमी फॉर इंडिया’ ही पुस्तके त्यांनी लिहिली, ते बोलत राहिले, आणि १९४१ साली कारखानदारांची अखिल भारतीय संघटना उभी करण्यात पुढे होते. अधिकार गेल्यावरही माणसे जमत होती, ती अधिकारासाठी जमत नव्हती.

मात्र याच काळातली एक घटना माझ्या म्हणण्याला थेट आडवी जाते, आणि ती टाळली तर विचार अर्धवट राहील. १९३५ च्या सुमारास विश्वेश्वरय्यांनी भारतात मोटारींचा कारखाना काढण्याची योजना केली. युरोप-अमेरिकेत जाऊन कारखाने पाहिले, खर्चाचा आराखडा छापला, ठिकठिकाणी ती मांडली. म्हैसूरने साथ द्यायची तयारी दाखवली, पण हिंदुस्थान सरकारने ती होऊ दिली नाही. मोटारींचा कारखाना निघाला तो १९४४ साली मुंबईत, प्रीमियर ऑटोमोबाइल्स या नावाने, आणि तो काढला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. याच वालचंदांनी १९४० च्या डिसेंबरात बेंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली होती. ती कशी झाली? विल्यम पॉली या अमेरिकी विमान-व्यावसायिकाशी प्रवासात झालेल्या भेटीतून, आणि मग दिवाण मिर्झा इस्माइल यांच्याशी झालेल्या बोलण्यांतून. म्हैसूरने ७०० एकर जमीन दिली, स्वस्त वीज दिली आणि २५ लाख रुपयांचे भांडवल घातले. सभा नाही, व्याख्यान नाही. बेंगळुरूचा सर्वांत मोठा कारखाना चार माणसांच्या बंद खोलीतल्या बोलण्याने आला, आणि व्यासपीठावर मांडलेली मोटारीची योजना मात्र बेंगळुरूला मिळाली नाही.

या घटनेने माझा सिद्धांत मोडत नाही, पण त्याची हद्द आखली जाते. विमानाचे गिऱ्हाईक एकच होते, सरकार, आणि युद्ध दाराशी आल्यामुळे त्याला काय हवे ते पक्के ठाऊक होते. जिथे घेणारा एक आणि जाणता असतो, तिथे हजार माणसांपुढे बोलून काही साधत नाही. त्याच्या दालनाचे दार उघडावे लागते. मोटारीच्या योजनेतही आडवे आले ते लोकांचे अज्ञान नव्हते, सरकारची इच्छा होती, आणि जिथे नकार हितसंबंधातून येतो तिथे उत्तम आकडेही थिटे पडतात. भाषणाचे खरे क्षेत्र याच्या पलीकडे आहे: घेणारे अनेक, विखुरलेले, आणि आपल्याला हे हवे आहे हेच त्यांना अजून न कळलेले. बेंगळुरूच्या जुन्या पेठेत वंशपरंपरेने रंगकाम आणि शिवणकाम करणारी मराठी भाषक भावसार आणि नामदेव शिंपी घराणी होती, चिकपेठेत रेशमाची दुकाने होती. त्यांना व्याख्यानाची गरज कधी पडली नाही. गिऱ्हाईक कापड बोटांत धरून बघायचे आणि भाव ठरायचा. काम बोलते, हे त्यांच्याबाबत अक्षरशः खरे. काम बोलते तिथे माणसाने गप्प राहावे. पण सगळेच काम बोलत नाही.

आणखी एक आक्षेप नैतिक आहे, आणि मराठी वाचकाच्या मनात तो सहज उठतो, कारण आपल्याला व्याख्यानमालांचा जिव्हाळा आहे. व्यासपीठ ज्ञानाचे, तिथे दुकान कसे मांडायचे? बेंगळुरूने या वृत्तीचा एक सुंदर नमुना जपला आहे. कन्नड साहित्यिक आणि पत्रकार डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ साली सार्वजनिक जीवनाच्या अभ्यासासाठी संस्था काढली आणि तिला नाव दिले आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे. व्याख्यान, अभ्यासवर्ग, चर्चा, आणि त्यातून कोणाला काही मिळवायचे नाही. ही परंपरा मला अतिशय मोलाची वाटते. तरीही नफ्याशिवाय बोलणे शुद्ध आणि विकण्यासाठी बोलणे अशुद्ध, अशी रेघ ओढता येत नाही. १९२७ च्या जुलैत बेंगळुरूत खादीचे प्रदर्शन भरले आणि गांधीजींनी त्याचे उद्घाटन केले. आजारपणानंतर विश्रांतीसाठी ते त्या भागात राहिले होते. त्या सभांतून खादी विकली जात होती, उघडपणे. पैसा फंडाची भाषणे पैसे मागण्यासाठीच होती. त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही, कारण ऐकणारा उठून जाताना रिकाम्या हाताने जात नव्हता. वस्तू घेतली नाही तरी काही समजून घेऊन जात होता. माझ्या मते कसोटी हीच आहे. ज्याने काहीच विकत घेतले नाही त्यालाही त्या तासाभरातून काही मिळाले का?

या कसोटीवर विसाव्या शतकातली एक अमेरिकी देणगी थोडी कमी पडते. डेल कार्नेगी यांनी १९१२ साली न्यूयॉर्कच्या वायएमसीएत व्यावसायिकांना भाषण शिकवायला सुरुवात केली. १९२४ साली राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियात टोस्टमास्टर्सचा पहिला क्लब काढला. आज बेंगळुरूच्या कितीतरी कंपन्यांत असे क्लब चालतात. भीती घालवणे, वेळेत संपवणे, श्रोत्याच्या डोळ्यांत पाहणे, हे सगळे शिकण्यासारखे आहे आणि लाजऱ्या माणसाला त्याने खूप बळ मिळते. पण तिथे विषय गौण असतो. रानडे किंवा विश्वेश्वरय्या यांच्या वक्तृत्वाला कोणी मोहक म्हटले नसते. त्यांच्याकडे इतरांना नसलेली माहिती होती, आणि ती खुली करण्याची तयारी होती. गिऱ्हाईक मिळते ते या खुल्या केलेल्या माहितीने. वक्तृत्वाने ते ऐकायला थांबते इतकेच.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे पुन्हा एकदा सिद्ध झाले. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बेंगळुरूला आली, १९८८ साली नॅसकॉम ही उद्योगाची संघटना स्थापन झाली. १९९१ पासून २००१ साली सिडनीत मृत्यू येईपर्यंत देवांग मेहता यांनी नॅसकॉमसाठी जगभर भाषणे केली. भारतात संगणकाचे काम करून मिळते, वेळेवर मिळते आणि ते करणारी माणसे अशी आहेत, हे ते एका कंपनीसाठी सांगत नव्हते, साऱ्या उद्योगासाठी सांगत होते. ही औद्योगिक परिषदेचीच पद्धत. आधी बाजार उभा करायचा, मग त्यात आपापले दुकान. इन्फोसिसने स्वतःपुरता हाच धडा घेतला. हिशेब कायद्याला लागतात त्याहून अधिक उघड करायचे, भागधारकांना आणि विश्लेषकांना समोर बसवून ते समजावायचे, हे तिचे वैशिष्ट्य झाले, आणि १९९९ च्या मार्चमध्ये ती अमेरिकेच्या नॅसडॅकवर नोंदली गेलेली पहिली भारतीय कंपनी ठरली. यशाचे सगळे श्रेय बोलण्याला द्यावे असे मी म्हणत नाही. स्वस्त आणि शिकलेले मनुष्यबळ होते, डॉलरचा भाव होता, शतक पालटताना संगणकांच्या तारखांची अडचण आली आणि त्यातून भरपूर काम निघाले. पण तेच मनुष्यबळ इतर शहरांतही होते. न दिसणारा माल दूरच्या माणसाला कळेल अशा भाषेत मांडण्याचा सराव बेंगळुरूत अधिक झाला.

या रीतीचे सर्वांत शुद्ध आणि सर्वांत दुःखद उदाहरण मात्र शिकवणीच्या धंद्यातले आहे. बायजू रवींद्रन हे केरळातून आलेले अभियंते. व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशपरीक्षेचे गणित ते बेंगळुरूत शिकवू लागले. सुरुवातीचे वर्ग मोफत, पुढचे पैसे भरून. वर्गखोली पुरेना म्हणून ज्योती निवास कॉलेजचे सभागृह, मग इतर शहरे, मग स्टेडियम. जाहिरातीचा खर्च फारसा नव्हता. मोफत तासाला जो शिकला तोच पुढे विद्यार्थी झाला आणि त्यानेच मित्रांना आणले. २०११ साली कंपनी निघाली, २०१५ साली ॲप आले, २०२२ पर्यंत तिचे मूल्य २२ अब्ज डॉलर धरले जाऊ लागले. २०२४ च्या जुलैत क्रिकेट मंडळाच्या १५८ कोटींच्या थकबाकीवरून कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू खंडपीठाने तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. या पडझडीची कारणे अनेक आहेत: कर्ज, घाईघाईने घेतलेल्या कंपन्या, करोनानंतर उघडलेल्या शाळा. पण भाषणाच्या इतिहासात मला एक बदल महत्त्वाचा वाटतो. सभागृहात शिकणाऱ्याने आधी तास अनुभवला आणि मग पैसे भरले. तास आवडला नाही तर उठून जायला त्याला पायऱ्या मोकळ्या होत्या. पुढे गाठ पडू लागली विक्री करणाऱ्याशी, फोनवर, घरच्या दिवाणखान्यात, हप्त्याच्या कागदांसह, आणि मुलांच्या पालकांशी. आधी मिळायचे आणि मग द्यायचे, हा क्रम उलटला. मोठी जाहिरात आणि मोठा विक्रीविभाग व्यासपीठाची जागा घेऊ शकतात असे धंदा वाढताना वाटू लागते. पण व्यासपीठावर वक्त्याला दर वेळी नव्याने पारखले जाते, आणि ती पारख जाहिरातीत नसते.

राहता राहिला भाषेचा प्रश्न. आजच्या बेंगळुरूत व्यवसायाची व्याख्याने जवळजवळ सगळी इंग्रजीत होतात, त्यामुळे व्यासपीठ मिळते ते इंग्रजी सफाईने बोलणाऱ्याला, ज्ञान असणाऱ्याला नव्हे, असे कोणी म्हटले तर मला ते खोडता येत नाही. पण हा दोष भाषणाच्या रीतीचा नाही, तो आपण ती रीत आखडून घेतल्याचा आहे. अंताजी काळे खेड्यांत मराठीत बोलले म्हणून पैसा पैसा जमला; ‘किर्लोस्कर खबर’ मराठीत होते म्हणून ते शेतकऱ्याच्या घरात गेले; विश्वेश्वरय्यांनी कॉन्फरन्स तालुक्यापर्यंत नेली ती तिथल्या माणसासाठी. पीण्या ही बेंगळुरूची औद्योगिक वसाहत आशियातल्या मोठ्या वसाहतींत गणली जाते. तिथल्या हजारो लहान कारखान्यांत अचूक सुटे भाग करणारी माणसे आहेत. त्यांतल्या अनेकांचे गिऱ्हाईक म्हणजे एखाददुसरी मोठी कंपनी, बऱ्याचदा सरकारी. तिची मागणी आली की यंत्रे चालतात, नाही आली की थांबतात. वालचंदांना एका गिऱ्हाइकावर कारखाना उभा करता आला, कारण समोर युद्ध होते आणि पाठीशी संस्थान. लेथवर काम करणाऱ्या पीण्यातल्या मालकामागे यांतले काहीच नाही. मिश्रधातू तापमानाला कसा वागतो, कुठला भाग का झिजतो, आयात केलेल्या भागाच्या जागी इथला कसा चालेल, हे त्याला जे कळते ते शेजारच्या तुमकूरच्या किंवा दूर हुबळीच्या कारखानदाराला ऐकायचे असते, कोल्हापूर-सांगलीच्या ओतकामवाल्याला तर नक्कीच ऐकायचे असते. तो हे कन्नडमध्ये उत्तम सांगू शकतो. त्याच्या चेंबरने आणि त्याच्या वसाहतीच्या संघटनेने दर महिन्याला एक संध्याकाळ, एक सभागृह आणि एक कन्नड फलक एवढे दिले तरी इकॉनॉमिक कॉन्फरन्सच्या त्या तालुका समित्यांचे काम पुन्हा सुरू होईल, आणि ऐकायला येणाऱ्यांत त्याचे दुसरे, तिसरे, चौथे गिऱ्हाईक बसलेले असेल.